सांगणारी सुमन

“घे, वास घे.”

गोदावरीबाईंनी पुंजण्याच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला आणि ओढून काढलेली धानाची पेंडी माझ्या नाकाशी धरली. पेंडीतून वाफ निघत होती. सकाळचे नऊ वाजले होते, कडक ऊन पडलं होतं, आणि कापून रचलेल्या धानाच्या त्या ढिगातून चुलीवरच्या गंजातून निघावी तशी वाफ निघत होती. लोंब्या काळ्या पडल्या होत्या. काही दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते. वास म्हणाल तर आंबलेली पेज आणि गोठ्यातलं मुरलेलं मूत एकत्र केल्यासारखा.

“तुह्या तोंडानं सांगतलं, म्हून रचलं,” त्या म्हणाल्या.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या. पण त्यांनी हात गवताला पुसला आणि दुसरी पेंडी काढायला वाकल्या. मी तिथे उभी आहे की गेले, हेही त्यांनी पाहिलं नाही.

मी मोहटोल्याची कोतवाल. बावीस वर्षं झाली. कोतवाल म्हणजे काय ते शहरातल्यांना सांगावं लागतं, म्हणून सांगते: महसूल खात्याचा गावातला शेवटचा माणूस. पटवाऱ्याची दप्तरं उचलायची, नोटिसा वाटायच्या, साहेब आले की खुर्च्या मांडायच्या आणि गावात दवंडी द्यायची. आता हातात ग्रामपंचायतीने दिलेला बॅटरीवरचा भोंगा असतो. डफडं नाही. आमच्या घरात डफडं वाजणार नाही, हे सासऱ्यांनी ठरवून टाकलं होतं.

सासरे बाबुलाल. छप्पन साली दीक्षा घेऊन नागपूरहून परतले आणि पुढच्या आठवड्यात घरातलं डफडं वैनगंगेत सोडून आले. गावकीची कामं बंद. मी परीक्षा देऊन ही नोकरी मिळवली तेव्हा दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नेमणुकीचं पत्र मागितलं, चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, “कागदावरची नोकरी आहे ना? मंग कागद असंन तरच बोलजो. कोणी तोंडी सांगतलं आन् तू बोंबलत फिरली, तर मंग ते डफडंच झालं.”

मी खूणगाठ बांधली. तहसीलचं पत्र हातात आलं की चौकात उभी राहून वाचायचं आणि शेवटी म्हणायचं, “तहसीलदार साहेबांचा हुकूम आहे हो.” गावातलं किरकोळ काही असलं, कुणाची शेळी हरवली, रेशन आलं, तर शेवटी म्हणायचं, “सांगणारी सुमन.” हुकूम म्हटलं की लोक अर्धं ऐकत. सांगणारी सुमन म्हटलं की पूर्ण ऐकत. याचा मला गर्व होता. गर्वाचं घर खाली म्हणतात ते काही उगाच नाही.

दोन वर्षांपूर्वी मात्र त्या कागदाने घात केला. कार्तिकात ढग भरून आले होते, टीव्हीवर सांगत होते, साऱ्या गावाचा कडपा, म्हणजे कापून वाळायला पसरलेलं धान, बांधीत, म्हणजे शेताच्या वाफ्यात, पडलेला. मी पत्राची वाट पाहत बसले. पत्र आलं पाऊस पडून गेल्यावर. शकुबाईचं सारं धान पाण्यावर तरंगत होतं. ती मला एवढंच म्हणाली होती, “तुले दिसत नव्हतं का व, वर?” ते वाक्य माझ्या काळजात रुतून बसलं होतं. म्हणून यंदा मी चुकले. निमित्त सांगत नाही, झालं ते सांगते.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. सकाळी निकेश पटवाऱ्याचा फोन आला. तिशीतला पोरगा, तालुक्याला राहतो, मोटारसायकलवर येतो आणि पाय खाली न टेकवता कामं सांगतो. म्हणाला, मोठं वादळ येऊन राहिलं, दोन दिवसांत आपल्या भागात, ग्रुपवर टाकलं आहे, आत्ताच्या आत्ता दवंडी द्या, सारं धान उचलून रचून झाकायला सांगा. मी पत्र मागितलं. म्हणाला, पत्र मागून येते, साहेबांची सही व्हायची आहे.

ग्रुपवर एक व्हिडिओ होता. घरांचे पत्रे कागदासारखे उडत होते. रस्त्यावरून गाय वाहून जात होती. खाली एक नकाशा, त्यात लाल चक्र आणि बाण, आणि वर ठळक अक्षरांत वादळाचं नाव. ते नाव मी इथे घेणार नाही, माझ्या जिभेला त्याची किळस आहे. पोरीला ठेवावं असं गोड नाव होतं. मी तशीच किराणा दुकानात गेले, तिथे टीव्ही चालू असतो. बंगालच्या उपसागरात वादळ तयार होत असल्याची बातमी होती आणि नाव तेच. नाव जुळलं. मला वाटलं, आता आणखी काय तपासायचं?

शकुबाई डोळ्यांपुढे आली. मी भोंगा उचलला.

आता इथे ऐका, कारण सारा खेळ इथे आहे. चौकात सगळं सांगून झालं आणि शेवटचं वाक्य तोंडाशी आलं. पत्र हातात नव्हतं. पत्र नसताना तहसीलदारांचा हुकूम आहे म्हणणं खोटं झालं असतं. सासरे आठवले. मी एक श्वास घेतला आणि म्हणाले, “सांगणारी सुमन.” खरं बोलायला गेले, हात दाखवून अवलक्षण केलं.

गाव उठलं. त्या दिवशी सकाळीच कापलेलं धान होतं, दवाने ओलं होतं, पेंडा अजून हिरवा होता. चार दिवस उन्हात वाळल्याशिवाय कडपा उचलायचा नसतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण बाई सांगते म्हणजे येणारच, म्हणून लोकांनी कच्चा कडपा बांधला, पुंजणे रचले, वर ताडपत्र्या आवळल्या. मीही घरोघर जाऊन हात लावला. गोदावरीबाईंचा पुंजणा तर मी आणि त्यांनी मिळूनच रचला. त्यांना नवरा नाही, मूल नाही, तीन बांध्या आहेत. अंधार पडता पडता त्यांनी मला गूळ-पाणी दिलं आणि म्हणाल्या की तू होतीस म्हणून झालं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. तिसऱ्या दिवशीही. आठ दिवस असं लख्ख ऊन, की दिवाळीनंतर तसं आम्ही पाहिलं नव्हतं. तरी लोक ताडपत्रीला हात लावायला घाबरत होते, कारण मी म्हणाले होते अजून येईल. तेही मीच म्हणाले होते. निकेशने शनिवारी रात्री कुठे फोन उचलला आणि म्हणाला, वादळ वळलं, बाई, निसर्गाचं काय सांगता येते. मागून येणारं पत्र काही आलं नाही.

रविवारी मोहाडीहून तृप्ती आली. माझी मुलगी, तिथल्या शाळेत शिकवते. मी तिला व्हिडिओ दाखवला. तिने एकदा पाहिला, मागे नेला, थांबवला आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. म्हणाली, “आई, दुकानाच्या पाट्या पाह्य. हे आपले अक्षरं होत का?”

नव्हती. कसली तरी गोल गोल अक्षरं, मी जन्मात न पाहिलेली. गाय पाहिली, पत्रे पाहिले, पाट्या पाहिल्या नाहीत.

मग तिने शोधून काढलं. व्हिडिओ चार वर्षांपूर्वीचा होता, दूर पूर्वेकडच्या एका देशातला. नकाशाही तिकडचाच. तिकडच्या समुद्राच्या वादळांची यादी वेगळी, आपल्या समुद्राची वेगळी, आणि दोन्ही याद्यांत एखादं नाव सारखं येऊ शकतं. आपल्याकडे एकदा वापरलेलं नाव पुन्हा वापरत नाहीत म्हणे, पण तिकडे तीच यादी काही वर्षांनी फिरून येते. त्या नावाची तीन वादळं तिकडे होऊन गेली होती. चौथं आपल्या उपसागरात उठलं, दुसऱ्याच दिशेला वळलं आणि समुद्रातच विरून गेलं. कुणीतरी नाव टाकून शोधलं, जे पहिलं सापडलं ते पुढे ढकललं. तृप्ती म्हणाली, एखाद्या वादळाने फार माणसं मारली तर ते नाव यादीतून काढून टाकतात. मेलेल्यांच्या घरच्यांना पुन्हा ऐकावं लागू नये म्हणून.

मला शिसारी आली. वादळांचं बारसं करणारे कोण कुठले लोक, त्यांनाही एवढी लाज आहे. इथे ज्याने एका देशाचं वादळ उचलून दुसऱ्या देशातल्या धानावर पाडलं, तो मजेत मोटारसायकल फिरवत होता.

मी त्याच दिवशी घरोघर सांगत सुटले, ताडपत्र्या काढा, पुंजणे मोडा. पण आठ दिवस झाले होते. ओलं धान कोंडलं की आतून तापतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोदावरीबाईंनी पुंजण्यात हात घातला, तो प्रसंग सांगितलाच आहे. तसाच वास चाळीस घरांच्या खळ्यांतून निघाला. सारं गाव आठवडाभर त्या वासात जेवलं आणि त्या वासात झोपलं. लोकांनी पंचनामा मागितला तर निकेश म्हणाला, पाऊस नाही, वारा नाही, मग नुकसान कशाचं लिहू? अर्जात तसा रकानाच नाही.

मग मला तालुक्याला बोलावलं.

नायब तहसीलदार साहेब खर्रा घोटत बसले होते. पन्नीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा तळहातावर, अंगठा त्यावर. निकेश खिडकीपाशी उभा होता आणि आपले बूट पाहत होता. माझा जबाब आधीच टाईप करून ठेवला होता. साहेबांनी तोंडात खर्रा टाकला, त्याच बोटांनी कागद उचलला आणि माझ्याकडे सरकवला. वर माझं नाव होतं, नावावर लाल-तपकिरी डाग. खाली लिहिलं होतं की सदर दवंडी मी कोणत्याही आदेशाविना, स्वतःच्या गैरसमजातून दिली.

मी म्हणाले, आदेशाविना दिली हे खरं आहे. पण पुढे एक ओळ घाला, की मला निकेश साहेबांनी फोन करून सांगितलं. साहेबांनी ग्रुप दाखवायला सांगितला. मी दाखवला. व्हिडिओच्या जागी एक करडी पट्टी होती, की हा मेसेज काढून टाकला आहे. फोनवर काय बोलणं झालं त्याचा पुरावा काय, असं त्यांनी विचारलं. मी निकेशकडे पाहिलं. त्याचे बूट नवे होते, त्यात पाहण्यासारखं बरंच असावं.

साहेब टोपलीत थुंकले. अर्धं टोपलीत, अर्धं काठावर. म्हणाले, “बाई, सारं गाव सांगून राहिलं, तुम्ही आपल्याच नावानं सांगतलं. सही करा, एक ताकीद देऊन विषय मिटवतो. नाही तर नोकरीचं पाहावं लागंन.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मी लहानपणापासून ऐकत आले. पण फाशीच्या कागदावर संन्याशाचीच सही मागतात, हे तिथे पहिल्यांदा पाहिलं. सही करायला काय, एक सेकंद लागतो. नोकरी राहिली असती. पण मग बावीस वर्षं जे जे त्या नावाने सांगितलं, त्या सगळ्यावर तो खर्र्याचा डाग पडला असता. मी कागद परत सरकवला. बोटाला काहीतरी ओलं लागलं. बाहेर येऊन नळावर तीनदा हात धुतला, बसमध्ये चढल्यावरही लुगड्याला पुसत राहिले.

दहा-बारा दिवस काहीच झालं नाही. गावात माझ्याशी कुणी भांडलं नाही. हातपंपावर गेले की बोलणं थांबायचं, एवढंच. जे उशिरा येणारं भारी धान होतं ते आता कापून झालं होतं आणि बांध्याबांध्यांत कडपा पसरला होता. ज्यांचं लवकर येणारं हलकं धान सडलं त्यांची सगळी आशा त्या कडप्यावर होती. गोदावरीबाईंची बोडीखालची, म्हणजे छोट्या तळ्याखालची, एक बांधी त्यातच.

त्या सकाळी निकेश माझ्या दारावरून गेला, पण थांबला नाही. रेशन दुकानात माझ्यासाठी लिफाफा ठेवून गेला. लिफाफ्यात दोन कागद होते.

पहिला: उपसागरात नवीन वादळ, नाव वेगळं, परवा भंडारा जिल्ह्यात जोराचा पाऊस, कापलेलं धान सुरक्षित ठेवावं, गावात दवंडी द्यावी. सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं. आयुष्यात इतका नीटनेटका कागद मला मिळाला नव्हता.

दुसरा: चौकशी प्रलंबित असल्याने हे पत्र मिळाल्यापासून आपण कोतवाल पदाचं कोणतंही काम करू नये.

दोन्हींवर एकच सही, एकच तारीख. एका हाताने बोल म्हणतात आणि दुसऱ्या हाताने तोंड दाबतात, आणि सही करणाऱ्याला काही वाटतही नाही. मी रेशनच्या पोत्यांवर बसून दोन्ही कागद पुन्हा वाचले. सासरे असते तर काय म्हणाले असते कोण जाणे. मग उठले, घरून भोंगा घेतला आणि चौकात गेले.

कागद शब्दशः वाचला. शेवटी हुकूम म्हणता येत नव्हतं, मी आता हुकमाची माणूस नव्हते. म्हणाले, “सांगणारी सुमन.”

चौक तसाच राहिला. पारावर टेकचंद बसला होता, चार एकर धानाचा मालक. त्याचे दोन पुंजणे माझ्या शब्दाने सडले होते. त्याने विडी विझवली आणि शांतपणे विचारलं, “या खेपेस कोणत्या देशातलं होय, बाई?”

दोघे-तिघे हसले. वाईट हसले नाहीत, थकलेले हसले. मी कागद दाखवला. त्याने तो हातात घेतला नाही. म्हणाला, कागदही त्यांचाच ना. मग हळूहळू सगळे आपापल्या कामाला लागले. शेताकडे कुणीच गेलं नाही. आकाश निळं होतं. मी त्यांना काय बोल लावू? दुधाने तोंड पोळलं होतं त्यांचं, आणि दूध माझ्याच हातून आलं होतं.

भोंगा खांद्याला अडकवून मी बोडीखाली गेले. गोदावरीबाईंच्या बांधीत कडपा चार दिवस उन्हात होता. एक दाणा दातांत धरला, कट्कन फुटला. हे मागच्या वेळी करायचं होतं. मी खाली बसले आणि पेंड्या बांधायला लागले.

दहा-बारा झाल्या असतील, तेव्हा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, सावली पडली. गोदावरीबाई उभ्या होत्या, हातात विळा.

“माह्या धानाले हात काहून लावून राहिली?”

मी पावसाचं सांगितलं.

“कोणाच्या नावानं?”

मी पिशवीतला शिक्क्याचा कागद काढणार होते. काढला नाही.

“माह्या,” मी म्हणाले. “हुकूम नाही आता मले. माह्याच नावानं सांगतो.”

मग त्यांनी खाली बसून एक दाणा दातांत धरला. फुटलेला दाणा थुंकल्या, विळा बाजूला ठेवला आणि पेंड्या बांधू लागल्या. दिवस मावळेपर्यंत आम्ही धुऱ्यावरच्या उंच जागी पुंजणा रचला, खाली पळसाच्या फांद्या, वर ताडपत्री. या वेळी गूळ-पाणी नव्हतं.

पाऊस परवाच आला, सांगितल्याप्रमाणे. दीड दिवस पडला. टेकचंद आणि त्याच्या घरचे डोक्यावर पोती घेऊन धावताना मी दारातून पाहिले. सारं गाव धावलं. मी भोंगा खुंटीला लावून ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर गोदावरीबाईंनी निरोप पाठवला. मी गेले. ताडपत्री काढलेली होती. त्यांनी पुंजण्याच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला, एक पेंडी ओढून काढली आणि माझ्या नाकाशी धरली.

“घे, वास घे.”

लोंब्या पिवळ्याधमक होत्या. हाताला सुक्या तणसाची खरखर लागत होती. आजूबाजूच्या बांध्यांत माणसं घोटाभर पाण्यातून धान उचलत होती. पेंड्यांतून पाणी गळत होतं आणि वर आमच्याकडे कुणी पाहत नव्हतं. मी नाक जवळ नेलं, मोठा श्वास घेतला. तरी मला तोच पहिला वास आला. आंबलेल्या पेजेचा, गोठ्यातल्या मुताचा.

“कोरडं आहे,” मी म्हणाले.

गोदावरीबाईंनी मान हलवली आणि पेंडी परत खोचून ठेवली.